छातीवर किती नाव लावायचं?

विमानतळावर रुजू झालीस की दोन कार्डं मिळतील तुला, बाय. दोन्ही अंगावरच वागवायची, पण दोन्हींचं काम वेगळं. ट्रेनिंगमध्ये कसं उभं राहायचं, अंबाडा किती घट्ट घालायचा, लिपस्टिक कुठल्या शेडची, सगळं शिकवतील. नाव कुणाला किती सांगायचं, हे कुणी शिकवत नाही. म्हणून तुला गच्चीवर बोलावलं. खाली काकीसमोर हे बोलले असते तर ती नोकरीच नको म्हणाली असती.

पहिलं कार्ड म्हणजे एईपी, एअरपोर्ट एन्ट्री परमिट. आम्ही सगळे नुसतं ‘पास’ म्हणतो. तो तुझाही नाही आणि कंपनीचाही नाही. तो देतं बीसीएएस, म्हणजे विमानतळांच्या सुरक्षेचे नियम करणारं केंद्र सरकारचं खातं. १९७६ मध्ये इंडियन एअरलाइन्सचं विमान पळवून नेलं, त्यानंतर १९७८ मध्ये विमान वाहतुकीचे नियम बघणाऱ्या डीजीसीएच्या आत एक छोटा कक्ष काढला होता. पुढे एअर इंडियाच्या कनिष्क विमानाचा घातपात झाला आणि १ एप्रिल १९८७ ला त्याचं स्वतंत्र खातं झालं. त्या पासवर तुझा फोटो, पूर्ण नाव, कंपनी, मुदत आणि तू विमानतळाच्या कुठल्या भागात पाय ठेवू शकतेस त्याच्या खुणा असतात. स्टाफ गेटवर सीआयएसएफचा जवान आधी फोटो बघेल, मग तुझं तोंड. काल त्याच्याशी सणाच्या सुट्टीवरून गप्पा मारल्या असल्या तरी आज बघणारच. त्यात वाईट वाटून घेऊ नकोस. जो ओळखीवर सोडतो, त्याचीच धास्ती धरायची.

आत असेपर्यंत पास छातीवर दिसला पाहिजे, उलटा होऊन चालत नाही. बाहेर पडलीस की पहिली गोष्ट, तो काढून पर्समधल्या चेनच्या कप्प्यात टाक. मुली गळ्यात तसाच घालून रिक्षा पकडतात, मेमूत बसतात, अंजूर फाट्यावर वडापाव खातात. मिरवायला छान वाटतं, मला कळतं. पण आपल्या मेमूत माणसं किती, गाड्या दिवसाला किती! एक गाडी चुकली की पुढच्या गाडीसाठी खारबाव स्टेशनवर किती वेळ बसावं लागतं तुला माहीत आहे. तेवढ्या वेळात बाकड्यावरचा माणूस तुझं पूर्ण नाव, बापाचं नाव, कंपनी, सगळं आरामात वाचून पाठ करू शकतो. आणि इन्स्टाग्रामवर ‘फर्स्ट डे’ म्हणून पासचा फोटो टाकलास तर मीच येऊन फोन काढून घेईन. तो सरकारी कागद आहे, सेल्फीची पार्श्वभूमी नव्हे. हरवला तर ‘उद्या सापडेल’ करत बसायचं नाही. त्याच तासाला सुपरवायझरला कळवायचं आणि पोलिसांत तक्रार द्यायची.

पासच्या आधी पोलीस पडताळणी होते. मुली अडकतात त्या तिथे, आणि बहुतेक वेळा अडकवतं ते स्वतःचंच नाव. आधारवर मधलं नाव पूर्ण, मार्कशीटवर नुसतं आद्याक्षर, पॅनवर आडनावाचं इंग्रजी स्पेलिंग तिसरंच. आपल्याकडे नाव लिहून घेणारा जसं ऐकेल तसं लिहितो, आणि आपण ‘चालतंय की’ म्हणून घेतो. इथे चालत नाही. रुजू व्हायच्या आत आधार केंद्रावर जा, सगळे कागद एकसारखे करून घे. आणखी एक, आत्ताच सांगून ठेवते. पुढेमागे लग्न झालं तर नाव बदलायलाच हवं असा कुठलाही कायदा नाही. बदलायचं असेल तर खुशाल बदल, पण मग आधार, पॅन, बँक आणि शेवटी पास, ही सगळी वरात पुन्हा काढायची हे सासरच्यांनाही आधीच सांग. राज्य सरकारने १ मे २०१४ पासून जन्मलेल्या मुलांच्या नावात आईचं नाव घालायचा नियम केला, तो तुला लागू नाही. नाहीतर काकीचं नावही तुझ्या पासवर आलं असतं. तिला आवडलं असतं.

आणि हो, ‘पास बनवायचे पैसे भरा’, ‘युनिफॉर्मचं डिपॉझिट पाठवा’ म्हणून कुणाचा फोन आला तर ठेवून दे. विमानतळावरच्या नोकरीच्या नावाने लुबाडणाऱ्यांचा धंदा जोरात आहे. आपल्या भागातल्या पोरींना ‘एव्हिएशन’ म्हटलं की भुरळ पडते, हे त्यांना बरोबर कळलंय.

आता दुसरं कार्ड. खरं तर पट्टी. दोन बोटांची नेमप्लेट, कोटावर डाव्या बाजूला, इंग्रजी मोठ्या अक्षरांत नाव. ही प्रवाशासाठी असते. काउंटरच्या पलीकडून वाचता यावी इतकी मोठी आणि रागात असतानाही चुकू नये इतकी स्पष्ट. प्रवासी समोर आला की नजर आधी तिथे जाते. नाव वाचायला जाते असं धरून चालायचं. निम्म्या वेळा ते खरंही असतं. उरलेल्या निम्म्यांसाठी एक युक्ती आहे. नियमात बसेल तितकी पट्टी वर लाव, गळ्याच्या हाडाजवळ. नजर आपोआप वर राहते. हे मला एका सीनियर बाईंनी पहिल्या आठवड्यात काहीही स्पष्टीकरण न देता करून दाखवलं. त्यांनी माझी पट्टी काढली, वर लावली आणि निघून गेल्या.

तुझा भाऊ मानकोलीच्या गोदामात जातो, त्याच्याही गळ्यात कार्ड असतं. पण त्याचं कार्ड मशीन वाचतं, आणि मशीन ‘कुठले तुम्ही?’ असं विचारत नाही. एसटीच्या कंडक्टरला बिल्ला नंबर असतो. तक्रार करायची तर नंबर पुरतो, आणि कंडक्टरचं घर कुठल्या आळीत हे प्रवाशाला कळत नाही. आपल्या पट्टीवर नंबर नाही, नाव आहे. कंपन्यांचं म्हणणं असं की नावाने माणूस जवळचा वाटतो. ते खोटं नाही. इंग्लंडमध्ये केट ग्रेंजर नावाच्या डॉक्टर होत्या. स्वतः कॅन्सरने आजारी पडून हॉस्पिटलात दाखल झाल्या तेव्हा त्यांच्या लक्षात आलं की तपासायला येणारी माणसं आपलं नावच सांगत नाहीत. कपड्यावर पट्टी असून काय उपयोग, खाटेवर पडलेल्या माणसाला ती दिसतच नाही. २०१३ मध्ये त्यांनी ‘हॅलो, माय नेम इज’ ही मोहीम काढली आणि ती तिथल्या सरकारी दवाखान्यांत पसरली. तीच गोष्ट काउंटरवर लागू पडते. त्याने वाचायच्या आधी तू सांग: “नमस्कार सर, मी अमुक, काय मदत करू?” तू स्वतः दिलेलं नाव आणि त्याने तुझ्या छातीवरून उचललेलं नाव, यांत फार फरक पडतो. पहिल्यात बोलणं तुझ्या हातात राहतं.

पण एक दिवस दुसऱ्या प्रकारचा प्रश्न येईलच. जुलैचा पाऊस, रनवे भरलेला, विमान आधी एक तास उशिरा, मग दोन तास, आणि तुझ्या स्क्रीनवर वेळेच्या जागी काहीच नाही. रांगेतून एकजण पुढे येईल, फोन आडवा धरलेला, कॅमेरा चालू. “व्हॉट इज युअर नेम? मॅडम, नाव सांगा तुमचं. आत्ता टाकतो बघा.” नाव समोर दिसत असतं, तरी विचारतो. त्याला नाव नको असतं, तुझा चेहरा पडलेला हवा असतो.

अशा वेळी नव्या मुलींचा हात आपसूक पट्टीवर जातो. कुणी केस पुढे घेतात, कुणी फाइल छातीशी धरतात. ते करू नकोस. कॅमेऱ्यात ते चोरी पकडल्यासारखं दिसतं. सरळ नाव सांगायचं, आवाज त्याच्यापेक्षा एक पायरी खाली ठेवून, आणि लगेच त्याच्या विमानाबद्दल जे नक्की माहीत आहे तेवढंच सांगायचं. माहीत नसेल तर “अजून वेळ आलेली नाही, आली की पहिल्यांदा इथेच सांगेन.” छोट्या पल्ल्याच्या विमानाला दोन तासांच्या वर उशीर झाला की खाण्यापिण्याची सोय, रद्द झालं तर परतावा किंवा दुसरं विमान, हे डीजीसीएचे नियम तोंडपाठ ठेव, प्रवाशाला तुझ्या नावापेक्षा त्याची गरज जास्त असते. सोबतच्या मुलीचं नाव, ड्यूटी मॅनेजरचा मोबाइल, यातलं काही परस्पर द्यायचं नाही. तो गेला की तिथल्या तिथे लॉगमध्ये वेळ, पीएनआर आणि त्याचे शब्द जसेच्या तसे लिहून ठेव. ‘प्रवासी रागावले’ असं गुळमुळीत लिहू नकोस.

२०२५ च्या डिसेंबरात काय झालं तू टीव्हीवर बघितलंसच. वैमानिकांच्या ड्यूटीच्या आणि विश्रांतीच्या नव्या नियमांची तयारी पुरी पडली नाही, आणि इंडिगोची विमानं हजारोंनी रद्द झाली. ५ डिसेंबरला तर एका दिवसात हजाराच्या वर. रोस्टर कुणी लावलं, वैमानिक किती घ्यायचे हे कुणी ठरवलं, ती माणसं काउंटरवर नव्हती. काउंटरवर होत्या तुझ्यामाझ्या वयाच्या पोरी, छातीवर नाव लावून. लोकांची लग्नं चुकली, कुणाच्या मयतीला पोचता आलं नाही. त्यांचा राग खराच होता. फक्त नाव वाचायला मिळालं ते चुकीच्या माणसाचं. मला या पट्टीचा खरा राग येतो तो इथे. ज्याच्या हातात सत्ता असते त्याचं नाव दिसलंच पाहिजे. अटक करणाऱ्या पोलिसाच्या अंगावर नाव आणि हुद्दा स्पष्ट दिसला पाहिजे, हे सर्वोच्च न्यायालयाने १९९६ च्या डी. के. बसू निकालात सांगितलं आणि आता ते कायद्यातच आहे. ते योग्यच आहे. पोलीस तुला कोठडीत घालू शकतो. तू कुणाचं काय करू शकतेस? फार तर खिडकीची सीट देशील.

थांब, असं म्हणून मी तुझं काम हलकं करतेय. एका गोष्टीत तुझ्याकडे सत्ता आहे, आणि ती ‘नाही’ म्हणायची. कनिष्कची ट्रेनिंगमध्ये तारीख सांगतील, २३ जून १९८५, ३२९ माणसं गेली. त्याच्या आदल्या दिवशी व्हँकूवरच्या चेक-इन काउंटरवर काय झालं ते मी सांगते. एक माणूस बॅग घेऊन आला. टोरंटोपर्यंतचं तिकीट ठीक होतं, पण पुढे एअर इंडियाच्या विमानात त्याची जागा पक्की नव्हती. तरी बॅग थेट पुढच्या विमानात टाका म्हणून तो अडून बसला. काउंटरवरच्या मुलीने आधी नाही म्हटलं. नियम तोच होता. मागे रांग वाढत होती, तो हटत नव्हता, शेवटी तिने टॅग लावला. बॅग गेली, माणूस गेलाच नाही. त्या बॅगेत बॉम्ब होता. त्या मुलीला दोष देऊ नकोस, तिच्या जागी रांगेच्या दबावाखाली भलीभली वाकली असती. प्रवासी विमानात नसेल तर त्याची बॅगही उतरवायची, हा नियम आज जगभर इतका कडक पाळतात तो त्यानंतर.

म्हणून “नाव सांग, तक्रार करतो” याला घाबरून टॅग लावायचा नाही, गेट बंद झाल्यावर उघडायचं नाही, आयडी न बघता बोर्डिंग पास द्यायचा नाही. तेव्हा तुझं नाव छातीवर असणं तुझ्या फायद्याचं आहे. तक्रार झाली तर कागदावर येईल की अमुक नावाच्या मुलीने नियमाप्रमाणे नकार दिला. अशी तक्रार आली तर पेढे मी आणेन.

आता आडनाव. रुजू होताना एक फॉर्म देतील, त्यात ‘नेम ऑन बॅज’ असा रकाना असतो. काही कंपन्या फक्त पहिलं नाव लावतात, काही पूर्ण, काही तुझ्यावर सोडतात. सोडलं तर फक्त पहिलं नाव लिही. कारण सांगते. मराठी प्रवासी पट्टीवर ‘पाटील’ वाचतो आणि रांग थांबवून विचारतो, “पाटील? कुठले पाटील?” तू म्हणशील भिवंडीकडचे. “भिवंडीत कुठे?” खारबाव. “मग आगरी का?” तीन प्रश्नांत माणूस तुझ्या उंबऱ्यापर्यंत पोचतो. बहुतेक वेळा प्रेमानेच विचारतात हं, एखादे काका पार पायगावच्या पाहुण्यांपर्यंत नातं लावून मोकळे होतात, आणि परगावी तेवढंच बरं वाटतं. पण एखादा उत्तर ऐकून आवाज बदलतो. कुणाचा बदलेल हे आधी कळत नाही.

आणि हे फक्त आपल्याला वाटतं असं नाही. बीडमध्ये सरपंच संतोष देशमुखांच्या खुनानंतर जातीवरून वातावरण इतकं तापलं की तिथले पोलीस अधीक्षक नवनीत काँवत यांनी २०२५ मध्ये पोलिसांना एकमेकांना पहिल्या नावाने हाक मारायला सांगितलं आणि टेबलांवरच्या, गणवेशावरच्या पट्ट्यांतून आडनावं काढायला लावली. पोलिसाचं नाव दिसलं, जात दिसली नाही. वर्दीतल्या माणसाला आडनावाचं ओझं होतं, तर काउंटरवरच्या मुलीला का नसेल?

जपानने आणखी पुढचं पाऊल टाकलं. तिथे बस-टॅक्सीत चालकाचं नाव लावायची सक्ती होती, ती ऑगस्ट २०२३ मध्ये काढली. लॉसन म्हणून दुकानांची मोठी साखळी आहे, त्यांनी जून २०२४ पासून कामगारांना पट्टीवर आद्याक्षर किंवा वेगळंच नाव लावायची मोकळीक दिली, कारण गिऱ्हाइकं नावावरून इंटरनेटवर शोधून त्रास द्यायची. टोकियोने तर गिऱ्हाइकांच्या दादागिरीविरुद्ध नियमच केला, १ एप्रिल २०२५ पासून. गिऱ्हाईक देव असतं असं मानणाऱ्या देशात हे झालं. आपल्याकडे टोपणनावाची पद्धत येईल तेव्हा येईल, आणि मला स्वतःला ती आवडणारही नाही. दिवसभर दुसऱ्याच नावाला ‘ओ’ द्यायचं, छे. पण आडनाव गाळायला कुणाचंच काही जात नाही.

त्यात तुझी गोची अशी की तुझं आडनाव गर्दीतलं आणि पहिलं नाव दुर्मीळ. पाटील शोधायला गेलं तर खारबाव ते काल्हेर हजार सापडतील. पण तुझ्या पहिल्या नावाची, त्या स्पेलिंगची मुलगी इन्स्टाग्रामवर किती? आत्ता शोधून बघ. तूच पहिली येतेस ना? मग पट्टी लावायच्या आधी ते आवर. अकाउंट प्रायव्हेट कर, प्रोफाइलवर कंपनीचं नाव नको, युनिफॉर्मातला फोटो नको, आणि नावाचं स्पेलिंग पट्टीवर आहे त्यापेक्षा वेगळं ठेव. फेसबुकवर गावाच्या जत्रेत सगळ्या कुटुंबाला टॅग केलेले तुझे जुने फोटो आहेत, तेही बघ. तुझं खातं बंद असून काकांचं उघडं असेल तर काय उपयोग? ‘हाय, गेट नंबर अमुकवर भेटलो होतो’ असा मेसेज आला तर उत्तर द्यायचं नाही. ‘नो थँक्स’ सुद्धा नाही. उत्तर गेलं की त्याला कळतं, माणूस बरोबर सापडलं.

मेसेज थांबले नाहीत तर पुसायचे नाहीत, स्क्रीनशॉट काढून ठेवायचे. स्त्रीचा इंटरनेटवर किंवा प्रत्यक्ष पाठलाग करणं हा भारतीय न्याय संहितेच्या कलम ७८ खाली गुन्हा आहे, पहिल्यांदा तीन वर्षांपर्यंत शिक्षा. कंपनीलाही हात झटकता येत नाहीत. कामाच्या ठिकाणच्या लैंगिक छळाचा २०१३ चा कायदा फक्त साहेबांपुरता नाही. कामाच्या जागी येणाऱ्या बाहेरच्या माणसांपासून तुला सुरक्षित ठेवणं ही मालकाची जबाबदारी आहे आणि तक्रार द्यायला मदत करणंही. अंतर्गत समितीत कोण आहे, ते पहिल्याच आठवड्यात नोटीस बोर्डवरून लिहून घे. हे लिहून घेतलं म्हणजे तू भांडखोर ठरत नाहीस. मी ठरले असेन, पण तो वेगळा विषय.

हात उगारण्याचं म्हणशील तर, उस्मानाबादचे तेव्हाचे खासदार रवींद्र गायकवाड यांनी मार्च २०१७ मध्ये दिल्लीत एअर इंडियाच्या एका वयस्क अधिकाऱ्याला चपलेने मारलं आणि कॅमेऱ्यासमोर ते स्वतःच सांगितलं. विमान कंपन्यांनी त्यांची तिकिटं बंद केली. त्याच वर्षी सप्टेंबरात डीजीसीएने नियम आणला: शिवीगाळ केली तर तीन महिन्यांपर्यंत प्रवासबंदी, धक्काबुक्की किंवा लगट केली तर सहा महिन्यांपर्यंत, जिवावर बेतेल असं वागलं तर किमान दोन वर्षं. हा मुख्यतः विमानातल्या वागण्यासाठी आहे. काउंटरवर कुणी हात उगारला तर सीआयएसएफला हाक मारायची आणि पोलिसांत तक्रार द्यायची. “जाऊ दे, साहेब मोठे आहेत” म्हणणारा सुपरवायझर भेटेल. त्याचं नाव मात्र लक्षात ठेव.

राहिले काका. त्यांची समजूत तुलाच घालायची आहे. मी बोलले तर म्हणतील, ही मुंबईला जाऊन शहाणी झाली. त्यांचा मुद्दा मला ठाऊक आहे. नवी मुंबईच्या विमानतळाला शेतकऱ्यांचे नेते दि. बा. पाटलांचं नाव द्या म्हणून १० जून २०२१ ची मानवी साखळी झाली, २४ जूनला सिडको भवनाला घेराव झाला. २०२५ मध्ये भिवंडीहून जासईला गाड्यांची रॅली गेली, त्यात काका झेंडा घेऊन होते. जासईचा १९८४ चा गोळीबार, त्यात पडलेले शेतकरी, जमिनीच्या मोबदल्यातल्या साडेबारा टक्क्यांची लढाई, हे त्यांनी आपल्याला जेवताना किती वेळा सांगितलंय. आणि आता त्याच विमानतळावर पोरगी लागतेय, तर म्हणतात, “आम्ही विमानतळाला पाटील नाव लावायला रस्त्यावर उतरलो, आणि ही छातीवरचं पाटील काढते?”

हसू नकोस, बोलणं जड आहे. मी त्यांच्या जागी असते तर मीही हेच म्हटलं असतं. पण त्यांना नीट सांग. दि. बां.चं नाव भिंतीवर हवं ते आपल्या जमिनी गेल्या त्याची आठवण राहावी म्हणून, आणि त्या नावामागे अख्खा समाज उभा आहे. रात्री दोन वाजता काउंटरवर तुझ्यामागे कुणी उभं नसतं. भिंतीवरच्या नावाला कुणी इन्स्टाग्रामवर मेसेज करत नाही. आणि त्यांना पास दाखव. सरकारी खात्याच्या पासवर तुझं, त्यांचं आणि घराण्याचं नाव पूर्ण छापलेलं असेल, तेही सीआयएसएफचा जवान रोज वाचेल असं. पगाराच्या स्लिपवरही असेल. पहिली स्लिप त्यांच्या हातात दे. बघू किती वेळ रुसतात.

नाहीच ऐकलं तर एक उपाय आहे, पण तो शेवटचा: पूर्ण नाव घाल, आणि पट्टी हरवली म्हणून दुसऱ्या महिन्यात नुसत्या पहिल्या नावाची मागून घे. हे मी सांगितलं असं कुणाला बोलायचं नाही.

पट्टी घेताना मॅग्नेटची मिळते का विचार. पिनेची दिली तर कोटाला महिन्याभरात भोकं पडतात आणि बॅगेज बेल्टवर वाकताना टोचते. मॅग्नेटची असेल तर मागचा तुकडा टाचणीसारखा हरवतो, म्हणून पर्समध्ये एक जादा ठेव. आणि पहाटेच्या शिफ्टला कंपनीची गाडी येईल, तिचा ड्रायव्हर पत्ता विचारेल तेव्हा घराचं नाव सांगू नकोस, मालोडी टोलनाक्याच्या अलीकडचं किराणा दुकान सांग. तिथे काका येऊन उभे राहतील. त्यांना तसंही पहाटे झोप येत नाही.